गुलाबाचे गुड मॉर्निंग

गुड मॉर्निंग पाठवणाऱ्या काकूंना मी पण भरपूर हसलेय, आधीच कबूल करते. पण 2020 च्या फेब्रुवारीत मेक्सिकोतल्या बायकांनी जे केलं ते वाचल्यापासून हसणं बंद झालंय.

मेक्सिको सिटीत इन्ग्रिड नावाच्या 25 वर्षांच्या मुलीला तिच्या जोडीदाराने मारून टाकलं. कसं ते लिहीत नाही, कारण मुद्दाच तो आहे. तपासातलेच तिच्या मृतदेहाचे फोटो फुटले आणि तिथल्या टॅब्लॉइडनी ते थेट पहिल्या पानावर छापले, व्हॅलेंटाइन जवळ आलेला म्हणून एकाने हेडिंग काय द्यावं, तर चूक क्युपिडची. खून करणारा राहिला बाजूलाच!

मग बायकांनी तिच्या नावाने फुलं, समुद्र, सूर्यास्त असले फोटो टाकायचा सपाटाच लावला, चित्रकार मुलींनी तिची सुंदर डिजिटल चित्रं काढून टाकली, हेतू एवढाच की कोणी मुद्दाम ते फोटो शोधायला तिचं नाव टाइप केलं तर समोर हेच यावं. जाम भारी वाटलं मला. याला आर्ट म्हणायचं का? दारातली रांगोळी आर्ट असेल तर हे पण आहे. पुढच्याच वर्षी मेक्सिको सिटीत इन्ग्रिडच्या नावाने कायदा झाला, असे फोटो फोडणाऱ्या सरकारी माणसांना शिक्षा.

आपल्याकडे हे जसंच्या तसं जमणार नाही. बलात्कार झालेल्या बाईचं नाव जाहीर करणं इथे गुन्हा आहे, आधी जुन्या दंड संहितेचं (आयपीसी) कलम 228-अ होतं, आता न्याय संहितेचं कलम 72, आणि ते बरोबरच आहे. तरी 2024 ला कोलकात्याच्या डॉक्टरचं नाव, फोटो सगळं फिरलंच ना, शेवटी सुप्रीम कोर्टाने काढायला लावलं. माझ्या लिस्टमधले शेअर करणारे सगळे "न्याय मिळालाच पाहिजे" वाले होते बरं का.

खरी बाई दाखवायची नाही म्हटलं की आपल्याकडे देवी येते. 2013 मध्ये मुंबईच्या टॅपरूट एजन्सीने घरगुती हिंसेविरुद्ध कॅम्पेन केलं होतं, कॅलेंडरवरच्यासारख्या लक्ष्मी, सरस्वती, दुर्गा आणि चेहऱ्यावर मारहाणीच्या खुणा. दिसायला जबरदस्त, जगभर गाजलं. पण मला ते खटकतं. देवी असली तरच वाईट वाटणार का आपल्याला? भांडकुदळ, भाजी करपवणारी बाई असेल तर?

असो. गेल्या महिन्यात आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर कोणीतरी असाच एका मुलीचा फोटो टाकला, वर "कमजोर दिलवाल्यांनी बघू नका". ॲडमिनना फोन केला, ते झोपलेले. मग गॅलरीत साठलेले सगळे गुलाब, वाफाळते चहाचे कप, "आपला दिवस आनंदात जावो", एकामागून एक 45 टाकले, रात्री साडेअकराला. फोटो पार वर गेला. पाच मिनिटांनी मावशीचा एक झेंडू आला, काही न विचारता, खाली लिहिलेलं, शुभ सकाळ.