वॅट वाढवून सावली मऊ होत नाही

घरच्या स्टुडिओबद्दल एक सल्ला सगळीकडे फिरतोय: "१५ वॅटचे चार एलईडी बल्ब लावा, समोर रिंग लाइट (गोल कड्याचा दिवा), बाजूला स्वयंपाकघरातली फॉइल. रंग नंतर ॲपमध्ये सुधारता येतात." थोडक्या पैशांत काम भागतं, एवढं त्यातलं खरं. बाकीचं एकेक करून पाहू.

"जितके वॅट जास्त, तितका फोटो चांगला." वॅट म्हणजे बल्ब किती वीज खातो, एवढंच. सावली मऊ पडणार की धारदार, हे उजळलेला पृष्ठभाग केवढा आहे आणि किती जवळ आहे यावर ठरतं. चार कोपऱ्यांत चार उघडे बल्ब लावले तर नाकाच्या चार सावल्या पडतील. त्यापेक्षा पाऊण इंची पीव्हीसी पाइप आणि चार एल्बो घेऊन २ × ३ फुटांची चौकट करा, तिच्यावर पांढरं सुती कापड किंवा बटर पेपर ताणा आणि एकच बल्ब मागे दीड-दोन फुटांवर ठेवा. बल्ब कापडाला चिकटवला तर मधोमध गोळा पेटतो आणि चौकट असून नसल्यासारखी होते. (हॅलोजन फार तापतो, तो मात्र कापडामागे लावू नका, आग लागू शकते.) ही चौकट चेहऱ्यापासून सहा फुटांवरून तीन फुटांवर आणली की उजेड ढोबळमानाने चौपट होतो, सावली आणखी मऊ होते आणि मागची भिंत चेहऱ्याच्या मानाने काळवंडते. हे सगळं विजेचं बिल न वाढता.

दागिने, डबे, खाद्यपदार्थ अशा न हलणाऱ्या वस्तूंना तर ९ वॅटही पुरतात. ट्रायपॉड लावा, आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता) १००, एफ/८ (लेन्सचं छिद्र) ठेवा आणि शटर लागेल तेवढा वेळ उघडा राहू द्या. पाव सेकंद, अर्धा सेकंद, काही बिघडत नाही.

"रिंग लाइट सगळ्याला चालतो." मेकअपच्या व्हिडिओला चालतो. समोरून येणारा उजेड चेहऱ्याचा उठाव घालवतो, चष्म्यात दोन कड्या दिसतात आणि स्टीलच्या प्रत्येक भांड्यात एक.

"फॉइल हा उत्तम रिफ्लेक्टर." रिफ्लेक्टरचं काम सावलीच्या बाजूला उजेड परतवणं; फॉइल ठिकठिकाणी चकाकणारे डाग पाडते. पांढरा थर्माकोल सावलीच्या बाजूला फूटभर अंतरावर उभा करा, बास. फॉइल टाकूनही देऊ नका: सरबताच्या बाटलीमागे बाटलीच्याच आकारात कापून लपवली तर आतला रंग उजळतो.

"रंग नंतर सुधारता येतात." सर्वात जास्त फोटो याच वाक्याने वाया जातात. व्हाइट बॅलन्स (पांढरं पांढरंच दिसावं म्हणून रंग सुधारणारी सेटिंग) सबंध फोटोचा रंग एकदम सरकवतो. खिडकीतला उजेड साधारण ५५०० केल्विन (उजेडाच्या रंगाचं माप; आकडा मोठा तितका उजेड निळसर), छतावरची ट्यूब ६५००, पिवळा बल्ब ३०००; एक गाल निळसर, दुसरा पिवळा. एक सुधारायला जावं तर दुसरा बिघडतो. म्हणून एकतर खिडकी घ्या, नाहीतर पडदे ओढून, ट्यूब बंद करून फक्त आपला बल्ब. भिंत पोपटी किंवा गुलाबी असेल तर तीही चेहऱ्यावर रंग फेकते. त्या बाजूला पांढरी चादर टांगा. दुसरी गोष्ट सीआरआयची, म्हणजे त्या उजेडात रंग किती खरे दिसतात याच्या १०० पैकी गुणांची. घरगुती एलईडीचा सीआरआय बहुधा ८०च्या आसपास असतो आणि त्यात गडद लाल कमी पडतो. त्वचा निस्तेज दिसते, लाल पैठणी मळकट. जो रंग उजेडातच नव्हता तो ॲप आणणार कुठून? चार साध्या बल्बांऐवजी खोक्यावर ९५ किंवा जास्त सीआरआय छापलेला एकच घ्या.

त्या सल्ल्यात लुकलुकण्याचा तर उल्लेखच नाही. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे स्वस्त बल्ब सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतो आणि वेगवान शटरला फोटोत काळे पट्टे येतात. बल्ब घेतल्या दिवशीच पांढऱ्या भिंतीचा फोटो १/१००० सेकंद शटरवर काढून पाहा. पट्टे दिसले तर शटर १/१०० किंवा १/५० ठेवा. उड्या मारणाऱ्या मुलाला इतकं सावकाश शटर चालत नाही, तिथे बल्ब सोडून साधा मॅन्युअल फ्लॅश त्याच चौकटीमागे लावावा लागतो.