ट्रुमन फुकटात राष्ट्राध्यक्ष झाला? आधी जॅक्सन काउंटीतली दहा वर्षं बघा

‘दुकान बुडालं, उधारी बुडवली, पक्षाच्या बॉसचं प्यादं बनला आणि रूझवेल्ट वारले म्हणून फुकटात अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झाला’, हॅरी ट्रुमनबद्दलचा हा मेसेज परत फिरतोय. दुकान बुडालं एवढं खरंय, बाकीचं एकेक बघू.

उधारी बुडवली? साफ खोटं. कॅन्सस सिटीतलं कपड्यांचं दुकान 1922 मध्ये बंद पडलं, पार्टनरने पुढे दिवाळं जाहीर केलं, ट्रुमनने नाही केलं, कित्येक वर्षं फेडत बसला.

फुकटात? 1922 ला मिसुरीतल्या जॅक्सन काउंटीच्या तीन जणांच्या मंडळावर निवडून आला. रस्ते, टॅक्स, नोकरभरती सगळं त्या मंडळाकडे, म्हणजे साधारण आपल्या झेडपीसारखं. 1924 ला हरला, 1926 ला त्याच मंडळाचा प्रमुख म्हणून परत आला, 1930 ला पुन्हा, मग 1934 ला सिनेट. याला फुकट म्हणतात का?

आता प्यादं. कॅन्सस सिटीतला डेमोक्रॅटिक पक्षाचा बॉस टॉम पेंडरगास्ट, त्याच्या पाठिंब्याशिवाय ट्रुमन निवडून आला नसता, मान्य. पण 1928 मध्ये रस्त्यांसाठी 65 लाख डॉलरचे कर्जरोखे मतदारांनी मंजूर केले तेव्हा ट्रुमनने दोन इंजिनिअर नेमले, एक डेमोक्रॅट आणि एक चक्क रिपब्लिकन, आणि कामं कमी बोलीवाल्यांना दिली, मग ते बाहेरचे का असेनात, आणि पेंडरगास्टची स्वतःची काँक्रीटची कंपनी होती हे लक्षात घ्या म्हणजे तो का भडकला ते कळेल. ग्रँडव्ह्यूला आईच्या शेतातून रस्ता गेला तर तिलाही भरपाई मिळू दिली नाही! नवीन कोर्टहाउस बांधायचं तर स्वतःच्या गाडीने गावोगावची कोर्टहाउसं बघत फिरला, लुइझियानातल्या श्रीव्हपोर्टचं आवडलं तर तिथलाच आर्किटेक्ट नील्ड याला बोलावलं.

तडजोडी केल्या का? केल्या. बॉसच्या एका माणसाला काउंटीचे सुमारे दहा हजार डॉलर खाऊ द्यावे लागले, नाहीतर रोख्यांच्या पैशातून दहा लाख किंवा जास्त गेले असते, हे त्याने स्वतःच हॉटेलच्या कागदावर लिहून ठेवलंय. मला हे पटत नाही, दहा हजारसुद्धा लोकांचेच होते. पण प्यादं असं हिशेब मांडून रात्री स्वतःशी भांडत बसत नाही.

1939 मध्ये पेंडरगास्ट टॅक्सचोरीत जेलमध्ये गेला, ट्रुमनवर एकही केस झाली नाही. आणि ओळख लपवली पण नाही, 1945 मध्ये उपाध्यक्ष असताना पेंडरगास्टच्या अंत्यविधीला सगळ्यांसमोर गेला.