कार्पेटचं मशीन घेताना आधी सक्शन बघा

परवा भाच्याचा फोन. "मामा, नोकरी सोडतोय. कार्पेट आणि सोफा क्लीनिंगचं काम सुरू करणार. ५०० पीएसआयचं मशीन बघून ठेवलंय, घेऊ का?" नोकरीचं त्याची आई बघून घेईल, पण मशीनवर आम्ही तासभर बोललो आणि तरी निम्मं राहिलंच. म्हणून इथे लिहून ठेवतोय.

मीही माझं पहिलं मशीन पीएसआयचा, म्हणजे फवाऱ्याच्या पाण्याच्या दाबाचा, आकडा बघूनच घेतलं होतं. विकणाऱ्याने दुकानातच एका पायपुसण्यावर फवारा मारून दाखवला, काळं पाणी निघालं, मी खूश. पहिल्या मोठ्या कामाला एका घरातलं हॉलभर कार्पेट धुतलं. संध्याकाळी निघताना नवं वाटत होतं. तिसऱ्या दिवशी त्या घरातल्या ताईंचा फोन आला, "अहो, कुबट वास येतोय. आणि कडेने तपकिरी पट्टे उठलेत ते कसले?"

कार्पेटची पाठ तागाची होती. ताग जास्त भिजला आणि वाळायला वेळ लागला, की त्यातला तपकिरी अंश पाण्याबरोबर वर चढतो आणि धाग्यांच्या टोकांवर येऊन वाळतो. माझ्या मशीनने पाणी जोरात आत घातलं होतं, परत मात्र निम्मंसुद्धा ओढलं नव्हतं. दोनदा जाऊन ते काम निस्तरलं, पैसे घेतले नाहीत. घ्यायचं तोंडच नव्हतं.

तेव्हापासून माझं मत पक्कं आहे. या कामात पाणी टाकायला अक्कल लागत नाही, सगळी कमाई ते काढण्यात आहे. ओलं राहिलेलं कार्पेट दिवस-दीड दिवसात बुरशी धरू शकतं. शिवाय आतला मळ हळूहळू वर येतो, आणि गेलेला डाग आठवड्याने पुन्हा दिसतो. गिऱ्हाईक म्हणतं, नीट धुतलंच नाही. त्याचं चुकत नाही.

आता सक्शनचे, म्हणजे पाणी परत ओढण्याच्या ताकदीचे आकडे. माहितीपत्रकावर दोन असतात. एक वॉटर लिफ्ट, इंचांत: पाइपाचं तोंड पूर्ण बंद केलं तर मोटर पाण्याचा स्तंभ किती उंच खेचते. दुसरा सीएफएम: तोंड पूर्ण उघडं असताना मिनिटाला किती घनफूट हवा ओढली जाते. म्हणजे एक आकडा हवा अजिबात वाहत नसतानाचा, दुसरा काहीच अडथळा नसतानाचा. दोन्ही एकाच वेळी कधीच मिळत नाहीत, तरी शेजारी शेजारी छापलेले असतात. काम करताना वाँड, म्हणजे पाइपाच्या टोकाचा दांडा, कार्पेटवर टेकलेला असतो, तोंड अर्धवट बंद असतं आणि मशीन या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी चालतं. दोन मोटरचं मशीन असेल तर जोडणी विचारा. एकामागे एक जोडल्या तर लिफ्ट वाढते, शेजारी शेजारी जोडल्या तर हवा वाढते. पाइप लांब झाला की हवा कमी पडते, तेही लक्षात ठेवा.

पण आकड्यांवर माझा फारसा विश्वास नाही. मी वजनकाटा घेऊन जातो. हसू नका. जुन्या कार्पेटचा एक तुकडा कोरडा असताना तोलायचा, मग मशीनचा पूर्ण लांबीचा पाइप लावून तो धुवायला सांगायचं आणि पुन्हा तोलायचा. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, त्यामुळे जो फरक येईल तेवढं पाणी आत राहिलं. हाच तुकडा दुसऱ्या मशीनखाली घाला, कोण खरं बोलतंय ते लगेच कळतं. दोन मीटरचा तोकडा पाइप लावून दाखवू लागले तर नम्रपणे नको म्हणा.

प्रेशर लागतच नाही असं नाही. सोफ्याला १०० पीएसआयच्या आसपास पुरतं, कार्पेटला त्याहून थोडं जास्त. ५०० खरं उपयोगी पडतं ते फरशीच्या सांध्यांना. तेव्हा कमी-जास्त करता येणारं प्रेशर असलेलं मशीन घ्या, नुसता मोठा आकडा नको.

हीटरचं सांगायचं तर तेलकट मळ गरम पाण्याने लवकर सुटतो, हे खरं. पण दोन व्हॅक्यूम मोटर आणि वर हीटर एवढा भार एका सॉकेटवर टाकला तर गिऱ्हाइकाच्या घरी अंधार होतो. म्हणून अशा मशीनना बऱ्याचदा दोन वायरी असतात आणि त्या वेगवेगळ्या सर्किटवर लावाव्या लागतात. कुठला सॉकेट कुठल्या सर्किटवर, हे घरमालकालाही सहसा माहीत नसतं. सुरुवातीला टाकीत गरम पाणी भरून भागतं.

आणि वजन! ४५ लिटरची टाकी भरली की मशीनच्या वजनावर आणखी ४५ किलो. लिफ्ट नसलेल्या इमारतीत एकदा रिकामं मशीन जरी वर चढवलंत तरी कागदावरची निम्मी वैशिष्ट्यं नकोशी होतात.

भाच्याला मी उलट प्रश्न विचारला, कामं कुठली मिळणार? ऑफिसं असतील तर कदाचित एक्स्ट्रॅक्टर, म्हणजे पाणी फवारून परत ओढणारं हे मशीन, आत्ता नकोच. तिथे एन्कॅप्स्युलेशन चालतं: फिरत्या ब्रशने थोडंसं द्रावण घासायचं, ते वाळलं की मळासकट त्याचे कोरडे कण होतात आणि व्हॅक्यूमने निघून जातात. पाणी कमी, वाळायला वेळ कमी, संध्याकाळी काम केलं की सकाळी लोक जागेवर. घरं असतील, त्यात लहान मुलं आणि कुत्री-मांजरं असतील, तर मात्र एक्स्ट्रॅक्टरला पर्याय नाही.

सगळे पैसे एका मशीनमध्ये घालू नका. चांगला कोरडा व्हॅक्यूम हवा, कारण कार्पेटमधला बराचसा मळ सुटी धूळच असते आणि ती ओली केली की चिखल होतो. वाळवायला एक-दोन ब्लोअर हवेत. ब्लोअरला कुणी प्रेमाने फोटो काढून पोस्ट करत नाही, पण गिऱ्हाइकांनी मला पुन्हा बोलावलं ते सगळ्यात जास्त त्याच्यामुळेच.

फेसाचंही सांगतो. आधी कुणी शाम्पू ओतून ठेवलेलं कार्पेट असलं की टाकीत फेस चढतो, मोटरमध्ये शिरतो आणि मोटर जाते. फेस मारणारं औषध जवळ ठेवा. पाणी जड असेल तर नोझल आणि हीटरमध्ये क्षार धरतो, त्याची साफसफाई वेळच्या वेळी करा. लोकर असेल तर तीव्र अल्कलीचं औषध चालत नाही. एक सुटा धागा जाळून बघा, केस जळल्यासारखा वास आला तर बहुधा लोकरच. व्हिस्कोसचं चकचकीत कार्पेट दिसलं तर मी सरळ काम नाकारतो. भिजल्यावर तो धागा कमजोर होतो आणि चकाकी जाते, मग भांडण ठरलेलं.

जुनं मशीन घेत असाल तर टाकीच्या झाकणाचा रबर आधी बघा. सक्शन गेलंय म्हणून स्वस्तात विकलेल्या एका मशीनचा मी फक्त तो रबर बदलला. ते अजून चालतंय.

भाचा काल काटा घेऊन गेला होता. दुकानदार म्हणाला, पूर्ण पाइप गोदामात आहे. भाचा परत आला आणि शनिवार-रविवारसाठी भाड्याने मशीन सांगून ठेवलं. पहिलं काम आमच्याच हॉलचं. त्याच्या मामीने आत्ताच जाहीर केलंय की कपाटं हलवायला ती नसणार.