सरळ की उलटी, एवढं तरी छापा!

प्रोजेक्टर, अ‍ॅम्प्लिफायर आणि पडदा संगणकावरून एका बटणावर चालू व्हावेत, एवढीच इच्छा. आख्खा रविवार केबलपाशी गेला! संगणकाने अशा यंत्रांना आज्ञा द्यायची ती सिरीयल केबल; तिचं आरएस-२३२ हे मानक १९६० सालचं. साठ वर्षं उलटली, तरी केबल सरळ आहे की नल मोडेम, म्हणजे उलटी, हे पाकिटावर छापायला काय जातं? पिन २ आणि ३ (एक पाठवायची, एक घ्यायची) आतून अदलाबदल केल्यात की नाही, एवढंच तर सांगायचंय. दिसायला दोन्ही केबली अगदी जुळ्या. चुकीची लावली की सगळं मुकं. शेवटी मल्टीमीटर घेऊन मीच एकेक पिन तपासली.

केबल जमली, तर ड्रायव्हर, म्हणजे जोडणी चालवणारं सॉफ्टवेअर, अडला. केबल यूएसबीला जोडणाऱ्या अ‍ॅडॉप्टरमधली चिप नकली, म्हणून विंडोज दाखवतं ‘कोड १०’, म्हणजे हे उपकरण सुरूच होत नाही. अहो, चिप काय मी बनवली? जुना ड्रायव्हर शोधून बसवला, तर रात्री अपडेटने तो उडवला. अ‍ॅडॉप्टर शेजारच्या पोर्टात घातला, तर त्याचा पोर्ट-क्रमांक कॉम ३ चा झाला कॉम ७!

मग वेग (बॉड रेट) ९६०० की ३८४००? कमांडच्या शेवटी कॅरेज रिटर्न (‘एंटर’चं न दिसणारं अक्षर) हवा, हे पुस्तिकेच्या कुठल्यातरी कोपऱ्यात. तो नसेल तर प्रोजेक्टर ढिम्म. चुकलं असं तरी सांग ना!

अ‍ॅडॉप्टरच्या पिन २ आणि ३ वायरने जोडायच्या, टर्मिनलमध्ये (अक्षरं पाठवणाऱ्या-दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) अक्षर दाबायचं. तेच परत आलं तर ड्रायव्हर ठीक, दोष पुढे. दोन मिनिटांची चाचणी! ती पुस्तिकेच्या पहिल्या पानावर का नसते?