भिया, गॅप तो भोत है

गाडीत मी एकटा असलो की चूं नाही की चां नाही. मागे आई, बाबा आणि मावशी बसले की झालं सुरू. गेल्या मंगळवारी इंदुरात राजेंद्रनगरहून खजरान्याच्या गणपतीला निघालो आणि पहिल्याच स्पीडब्रेकरला मागून खर्र्र! मावशी म्हणाली, "अरे, डिकीत कोणी पाट्यावर वाटण वाटतंय का?" बाबा काहीच बोलले नाहीत. खिडकीबाहेर बघत बसले. त्यांचं ते गप्प बसणं मला खर्र्रपेक्षा मोठ्यानं ऐकू येतं.

हो, गाडी मीच खाली केली. 40 मिमी खाली बसवणाऱ्या स्प्रिंगा, 16 इंची अलॉय, रुंद टायर. हौस माझी, पैसे माझे, शिव्याही मीच खायच्या, कबूल. पण हौस केली म्हणून कुठल्याही सोम्यागोम्यानं खाली न वाकता इलाज सांगत सुटायचं?

दीड महिन्यात चार दुकानं झाली. पहिला म्हणे अलाइनमेंट. केली. पुन्हा गेलो, पुन्हा केली, "अब कैंबर देख लेते हैं." अरे बाबा, मागे दोन्ही चाकांना जोडणारा सरळसोट बीम आहे, तिथे कॅम्बर, म्हणजे चाकाचा आत-बाहेर कल, फिरवायला नटच नाही, तू बघणार काय? दुसरा म्हणे, "बेरिंग गई भिया." बेअरिंग गेली असती तर रिकाम्या गाडीतसुद्धा वेगाबरोबर घुमली असती. ती काय मावशी बसायची वाट बघते? तिसऱ्याची तर आरतीच ओवाळायला हवी. म्हणाला, स्पेसर टाकू, म्हणजे चाकामागे चकती. चाक आधीच बाहेर येऊन मडगार्डला घासतंय, आणि हा ते आणखी बाहेर ढकलायचे पैसे मागतोय!

पण खरा संताप चौथ्याचा. त्यानं गाडी लिफ्टवर चढवली, चाक आणि मडगार्डच्या मधे अख्खा हात घालून दाखवला आणि म्हणाला, "देखो भिया, गॅप तो भोत है." अहो, लिफ्टवर चाकं खाली लोंबकळतात! स्प्रिंग मोकळी होते, गॅप दिसणारच. घासतं कधी, तर तीन माणसांचं वजन पडून स्प्रिंग दबते तेव्हा. हवेत टांगलेल्या गाडीत घासण्याची जागा शोधणं म्हणजे बूट काढून ठेवायचा आणि तो कुठे चावतो ते विचारायचं. हे सांगितलं तर माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच वेडा. मग एकट्यानंच एक चक्कर मारून आला. "आवाज तो नी आ री."

शेवटी रविवारी मीच बसलो. भाचीच्या दप्तरातला खडू घेतला, चारही टायरांच्या कडांवर पट्टे ओढले. मागच्या सीटवर आई, बाबा आणि मावशी (पोह्यांच्या कबुलीवर) आणि आमच्या गल्लीतल्या ब्रेकरवरून दोन फेऱ्या. ब्रेकर म्हणजे तरी काय? रस्त्यांच्या मानकात गोल ब्रेकर काही मीटर रुंद आणि 10 सेंटीमीटर उंच सांगितलाय; आमच्याकडे डांबराची वळकटी टाकून दिलीय. उतरून पाहिलं तर पुढचा खडू जसाच्या तसा, मागच्या दोन्ही टायरांच्या बाहेरच्या कडेवरचा साफ पुसलेला. मडगार्डच्या आत बोट फिरवलं, तर आत दुमडलेल्या पत्र्याच्या ओठावरचा रंग उडून चांदीसारखी चकाकणारी रेघ. काम दहा मिनिटांचं, तेही पाच रुपयांच्या खडूत.

मग आकडे मांडले. जुनी चाकं 6 इंच रुंद, ऑफसेट 45 (चाकाची मध्यरेषा आणि बोल्ट बसतात ती जागा यांतलं अंतर, मिमीत; आकडा कमी तितकं चाक बाहेर). नवी 7 इंच, ऑफसेट 35. रुंदीचा अर्धा इंच बाहेर, वर ऑफसेटचे 10 मिमी, म्हणजे चाकाची कड जवळजवळ 23 मिमी बाहेर आली. आत सरकली जेमतेम 3. आणि टायर? मूळ 185/65 आर 15 (रुंदी मिमीत, कडेची उंची रुंदीच्या टक्क्यांत, रिम इंचांत), अख्ख्या टायरची उंची सुमारे 622 मिमी. मला गळ्यात मारले ते 205/55 आर 16, सुमारे 632. 195/55 आर 16 घेतले असते तर 621, मुळाच्या बरोबरीचे आणि अंगानंही सडपातळ. हे गणित पाचवीतलं पोर करेल. टायर विकणाऱ्याला फोन केला तर म्हणतो, "ये साइज तो सबको देते हैं." सबको! म्हणजे इंदुरात किती मावश्या मागे बसून वाटण ऐकतायत कोण जाणे.

आता ओठ वाकवून आत दाबायचा आणि टायर बदलायचे. वाकवणाऱ्याला आधीच बजावलंय, पत्रा हीटगननं नीट तापव, नाहीतर रंगाला तडे गेले तर मी तिथेच ठिय्या देईन. त्यानं तारीख दिलीय पुढच्या शनिवारची. तोवर मावशी पुढच्या सीटवर, आई मागे एकटी, आणि बाबा स्वतःहून स्कूटरवर.