मसाई मारा : ‘गाडी जवळ घ्यायला सांगा’ हा सल्ला पाळू नका

सुट्टीच्या बुकिंगचे दिवस आले की केनियातल्या मसाई मारा या वन्यप्राण्यांच्या रिझर्व्हबद्दलचा एक मेसेज ग्रुपाग्रुपांतून फिरायला लागतो. यंदा मला तो तीनदा आला, त्यातला एक सख्ख्या मावशीकडून. मजकूर थोडक्यात असा : जुलै ते ऑक्टोबर सोडून माराला जाऊ नका, बाकी वर्ष तिथे काही नसतं. ड्रायव्हरच्या हातावर जास्तीचे डॉलर ठेवा, तो गाडी थेट जनावरापाशी नेतो; तिथल्या जनावरांना गाड्यांची सवय असते, त्यांना काही फरक पडत नाही. कॉन्झर्व्हन्सीचे, म्हणजे रिझर्व्हला लागून असलेल्या खासगी राखीव रानांचे, जादा पैसे म्हणजे लूट. आफ्रिकेत थंडी कुठली, स्वेटर नेऊ नका. यलो फीवरची लस निघायच्या आदल्या दिवशी घेतली तरी चालते.

सवयीचा मुद्दा आधी घेते, कारण त्याची किंमत आपण मोजत नाही.

फेब्रुवारीतली सकाळ होती. वारुळावर चित्त्याची मादी बसलेली, खाली गवतात तीन पिल्लं. तिची नजर लांबच्या गझेल हरणांवर. आमच्या ड्रायव्हरने बऱ्याच अंतरावर गाडी थांबवून इंजिन बंद केलं. तेवढ्यात वायरलेसवर कुणीतरी ‘दुमा, दुमा’ म्हणालं. स्वाहिलीत दुमा म्हणजे चित्ता. पंधरा मिनिटांत मी सतरा गाड्या मोजल्या. एक तर तिच्या आणि हरणांच्या मधोमध येऊन उभी राहिली. हरणांनी माना वर केल्या आणि ती उधळली. मादी खाली उतरली, पिल्लांना पाखरासारख्या बारीक आवाजात हाक मारली आणि उंच गवतात निघून गेली. उपाशीच. ती गुरगुरली नाही, बिथरली नाही. बघणाऱ्याला वाटावं, हिला सवयच आहे.

सवय आहे म्हणजे ती गाडी बघून पळत नाही, एवढंच. पिल्लं जगतात की नाही, हा हिशेब वेगळा. माराच्या चित्त्यांवरचा एक अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. पर्यटक कमी असलेल्या भागात एका वेतातली सरासरी २.३ पिल्लं मोठी होऊन स्वतंत्र झाली. गर्दीच्या भागात ०.२. म्हणजे पाच वेतांमागे एक पिल्लू. हा आकडा वाचल्यापासून ती तीन पिल्लं माझ्या डोळ्यांपुढून हलत नाहीत. चित्ता मुख्यतः दिवसा शिकार करतो, कारण रात्र सिंहांची आणि तरसांची. म्हणजे नेमक्या आपल्या सफारीच्या वेळेत. धावून धाप लागलेली असताना शिकार भराभर खावी लागते, नाहीतर तरस ती हिसकावून नेतात.

म्हणून तर रिझर्व्हचा नियम आहे : जनावरापासून किमान २५ मीटर, आणि एका जनावराभोवती जास्तीत जास्त पाच गाड्या. रस्ता सोडून गाडी घालायलाही बंदी. माराची माती बरीचशी आपल्या काळ्या रानासारखीच, ओली झाली की चाकाला चिकटणारी. पावसात उमटलेली चाकोरी वाळून तशीच राहते. नियम मोडला तर दंड ड्रायव्हरला होतो. त्याचं घर टिपवर चालतं, तो तुम्हाला ‘नाही’ कसं म्हणेल? त्याला टिप जरूर द्या, पण गाडी लांब ठेवल्याबद्दल द्या. ३१ डिसेंबर २०२४ ला उमरेड-करांडल्यात एफ-टू वाघीण आणि तिच्या पाच बछड्यांना जिप्सींनी घेरलं, तेव्हा आपण सगळे हळहळलो होतो, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली होती. केनियात पोचल्यावर आपलं मन बदलायचं कारण नाही.

आता हंगाम. तेरा लाखांच्या आसपास विल्डबीस्ट, म्हणजे गुरांसारखी दिसणारी आफ्रिकी हरणं, पावसामागे फिरतात आणि वर्षातला बराच काळ टांझानियाच्या सेरेंगेटीत असतात, हे खरं. पण सिंहांचे कळप आपापला इलाका धरून असतात, ते विल्डबीस्टांमागे गाव सोडत नाहीत. हत्ती, जिराफ, बिबटे, पाणघोडे बारा महिने तिथेच. शिवाय परदेशी पर्यटकाला रिझर्व्हची फी जानेवारी ते जून रोजची १०० डॉलर, जुलैपासून डिसेंबरपर्यंत २००. नदी ओलांडणारे कळपच बघायचे असतील तर खुशाल ऑगस्टमध्ये जा, पण तारीख पाऊस ठरवतो, टूरवाला नाही. आणि नवजात पिल्लं बघायची असतील तर फेब्रुवारीत सेरेंगेटीच्या दक्षिणेला, एनडुटूकडे. तिथलं आखूड गवत ज्वालामुखीच्या राखेच्या मातीत वाढतं, त्यात कॅल्शियम भरपूर. म्हणून माद्या वितात तिथेच, काही आठवड्यांत लाखोंनी.

कॉन्झर्व्हन्सी लूट नाही. नाबोइशो, ओलारे मोटोरोगी, मारा नॉर्थ इथली जमीन मसाई कुटुंबांच्या नावावर आहे आणि तिचं भाडं त्यांना मिळतं. ते थांबलं तर तिथे कुंपणं आणि शेती येईल. गाड्याही मोजक्याच सोडतात. मी पुन्हा गेले तर दोन रात्री कमी राहीन, पण तिथेच राहीन.

स्वेटर न्याच. मारा दीड हजार मीटरहून उंचावर आहे, आणि पहाटे सहाला उघड्या छताच्या गाडीत कानटोपीही लागते.

लसीच्या बाबतीत मात्र मेसेज घातक आहे. यलो फीवरचं सर्टिफिकेट लस घेतल्यापासून दहा दिवसांनी ग्राह्य धरतात. त्याआधी केनियात जाऊन आलात तर भारतात परतताना सहा दिवसांपर्यंत क्वारंटाइनमध्ये ठेवू शकतात. एकदा घेतलेली लस आयुष्यभर चालते, तेव्हा महिनाभर आधीच घेऊन टाका. साठीच्या पुढे तिचा धोका थोडा वाढतो आणि अंड्याची तीव्र ॲलर्जी असलेल्यांना ती सहसा देत नाहीत. मावशी अडुसष्टची आहे. तिला मी आधी डॉक्टरांकडे, मग टूरवाल्याकडे जायला सांगितलंय.