वाळूतली ती अंडी बेवारस नसतात

वाळूत पडलेल्या तीन अंड्यांचा फोटो आणि खाली मजकूर: ‘ही पक्षीण घरटं बांधत नाही, अंडी टाकून निघून जाते. जवळ पंख मोडलेला पक्षी दिसला तर पकडून उपचार करा, एकटी पिल्लं घरी न्या.’ हा मेसेज खूप फिरतोय. अशी अंडी अनेकदा केंटिश चिखल्या या किनाऱ्यावरच्या छोट्या पक्ष्याची असतात, आणि यातला सल्ला मानला तर त्याची अख्खी वीण वाया जाईल.

घरटं असतं. नर छाती वाळूत टेकवून, पायांनी वाळू मागे उडवत बरेच उथळ खळगे करतो. मादी त्यातला एक पसंत करते. मग शिंपल्यांचे तुकडे, बारीक खडे येतात.

‘टाकून जाते’ हे तर साफ खोटं. बहुतेक वेळा दिवसा मादी आणि रात्री नर, असे दोघं मिळून साडेतीन आठवडे उबवतात. माणूस दिसला की पक्षी लांबूनच उठून पळतो. जेमतेम १५ ते १७ सेंमीचा जीव, पाठ कोरड्या वाळूच्या रंगाची. समोर उभा असूनही तो नजरेला पडत नाही. आपण फोटो काढत थांबतो तोवर अंडी उन्हात तापतात. कडक उन्हात हे पक्षी पोटाची पिसं भिजवून आणतात आणि अंडी गार ठेवतात.

पंख मोडल्याचं मात्र नीट पाहा. पक्षी एक पंख पसरून, शेपूट फाकवून, ओरडत वाळूवर फरफटतो. तुम्ही जवळ गेलात की थोडा पुढे सरकतो, थांबलात की तोही थांबतो. अंड्यांपासून पुरेसे लांब आलात की भुर्रकन उडून जातो. तो जखमी नाही, तुम्हाला शत्रू समजून दूर नेतोय. पाठलाग केलात तर तेवढा वेळ घरटं उघडं राहतं.

पिल्लांची आई कधीकधी खरंच निघून जाते, दुसऱ्या नराबरोबर पुन्हा अंडी घालायला. पण बाप असतो. पिल्लं जन्मल्यावर काही तासांतच पळू लागतात आणि किडे स्वतः टिपतात. ऊब आणि राखण बापाची. घरी नेऊन दाणे घातले तर ती मरतात. उचललं असेल तर लगेच होतं तिथेच ठेवा आणि लांब व्हा.

पायात मासेमारीचा दोरा अडकलेला, किंवा तुम्ही दूर गेल्यावरही पंख लोंबतच असलेला पक्षी खरा जखमी. त्याच्यासाठी वन्यजीव बचाव पथकाला फोन करा.